बेडरूमचा टीव्ही घेताना आधी रिमोट बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत टीव्ही आणि स्ट्रीमिंग बॉक्स कसा निवडावा यावर मोठा लेख आला होता तो वाचला. पॅनलचे प्रकार, ब्राइटनेस, एचडीआर, स्पीकरचे वॅट, सगळं नीट समजावून दिलंय, त्यात वाद नाही. पण बेडरूमचा विषय 'लहान साइझ पुरेल' एवढ्यावर उरकला आणि रिमोटचं तर 'व्हॉइस रिमोट सोबत मिळतो' यापलीकडे काहीच नाही. ओळखीपाळखीतल्या लोकांचे टीव्ही, बॉक्स, साउंडबार जोडून द्यायचं काम बऱ्याचदा माझ्या गळ्यात पडतं, आणि बेडरूमच्या सेटअपबद्दल लोकांची जी कटकट असते ती पिक्चर क्वालिटीची जवळजवळ कधीच नसते, ती असते रिमोटची, म्हणून म्हटलं जरा सविस्तर लिहावं.

हॉलमध्ये माणूस बसलेला असतो, लाइट चालू असतो, कोणी ना कोणी उठतच असतं, एचडीएमआय सैल झाली तर मागे हात घालून दाबून बसवतं. बेडरूममध्ये माणूस आडवा, लाइट बंद, चष्मा काढून ठेवलेला, शेजारी कोणीतरी झोपायच्या बेतात, आणि एकदा अंगावर पांघरूण घेतलं की उठायचं अगदी जिवावर येतं. त्यामुळे माझं म्हणणं असं की बेडरूमसाठी आधी रिमोट निवडायचा आणि त्या रिमोटबरोबर जे यंत्र येतं ते घ्यायचं, उलटं नाही. टीव्ही चालू करणं, अ‍ॅप उघडणं, काहीतरी शोधणं, आवाज कमीजास्त, सबटायटल, मध्येच थांबवणं, झोप आली की बंद करणं किंवा आपोआप बंद व्हायला टायमर लावणं, हे सगळं पडल्या पडल्या, एका हाताने, एकाच रिमोटवर, फोन न उचलता जमलं तर तो सेटअप पास. यातली एक जरी गोष्ट अडली तरी तो रोज रात्री त्रास देणार, मग पॅनल कितीही भारी असो.

आता लगेच कोणीतरी म्हणेल की फोन आहे ना हातात, फोनलाच रिमोट करा. नको. गूगलचा क्रोमकास्ट, म्हणजे फोनवरचं टीव्हीवर दाखवणारं छोटं यंत्र, २०१३ साली आला तेव्हा त्याच्यासोबत रिमोटच नव्हता, सगळं फोनवरून पाठवायचं, कल्पना तेव्हा सगळ्यांना आवडलीही, पण २०२० मध्ये त्याच कंपनीला गूगल टीव्हीवाला क्रोमकास्ट काढताना सोबत रिमोट द्यावाच लागला, यातच काय ते आलं. फोनवरून साधा पॉज करायचा तर फोन शोधा, अनलॉक करा, तोंडावर उजेड पडतो, तेवढ्यात मेसेज दिसतो, तो वाचला जातो, आणि टीव्हीवरचं पात्र तोपर्यंत अर्धा संवाद बोलून मोकळं झालेलं असतं. शिवाय फोन एकाचा असतो, बेड दोघांचा. ज्याचा फोन तो झोपला की दुसऱ्याने काय करायचं? कंपन्यांची फोनवरची रिमोट अ‍ॅप चांगली असतात, पासवर्ड टाइप करायला तर फारच सोयीची, पण ती अडीअडचणीला, रोजच्या कामाला नाहीत.

बरं, रिमोट म्हटला की तो बोलतो कसा हे आधी बघावं लागतं. जुना प्रकार इन्फ्रारेडचा, म्हणजे पुढच्या टोकाला एक छोटा एलईडी असतो तो डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या उघडझापीतून टीव्हीला खुणा करतो, साधारण सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणारा हा प्रकाश असतो आणि बहुतेक टीव्ही तेवढीच लुकलुक ओळखतात, म्हणून खोलीतल्या बाकी उजेडाने गोंधळ होत नाही. भिंतीवर आपटून परत येतो म्हणून थोडा वाकडा धरला तरी चालतो, पण चादरीतून, लाकडातून जात नाही. रिमोट चालतोय की नाही हे बघायचं असेल तर फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, टोकाला जांभळट ठिपका चमकताना दिसतो, मागच्या कॅमेऱ्याला कधीकधी फिल्टर असतो म्हणून त्यात दिसत नाही. ठिपका दिसला नाही तर आधी सेल बदला, टीव्हीला शिव्या नंतर.

दुसरा प्रकार ब्लूटूथचा किंवा रेडिओचा. याला नेम धरावा लागत नाही, पांघरुणाच्या आत, उशीखाली, पाठ करून झोपलात तरी चालतो, बेडरूमसाठी हाच हवा. स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे टीव्हीच्या एचडीएमआयला थेट खोचायचा छोटा बॉक्सच, टीव्हीच्या मागे लपलेली असते, तिला प्रकाश दिसणारच नाही, त्यामुळे आजकालच्या बहुतेक स्टिकचे रिमोट ब्लूटूथवरच असतात.

पण इथे एक गंमत आहे जी दुकानात कोणी सांगत नाही आणि खोक्यावर छापलेलीही नसते. एकाच रिमोटमध्ये दोन्ही प्रकार असतात! वर-खाली, ओके, बॅक, होम ही बटणं ब्लूटूथने स्टिकशी बोलतात आणि पॉवर, व्हॉल्यूम, म्यूट ही बरेचदा इन्फ्रारेडने थेट टीव्हीशी. फायर टीव्ही स्टिकच्या रिमोटला पॉवर-व्हॉल्यूमची बटणं २०१८ मध्ये फोर-के मॉडेलबरोबर आली ती याच पद्धतीने. म्हणून होतं काय, माणूस पांघरुणातून मजेत मेन्यू फिरवतो आणि आवाज कमी करायला गेला की काहीच होत नाही, मग रिमोट खराब आहे म्हणून परत करायला निघतो. रिमोट चांगलाच असतो, फक्त हात बाहेर काढून टीव्हीकडे धरायचा असतो. आणि रात्री सगळ्यात जास्त लागणारी बटणं कोणती, तर नेमकी आवाजाचीच!

यातून सुटायचा रस्ता म्हणजे एचडीएमआय-सीईसी. सीईसी ही एचडीएमआय केबलमधलीच एक तार आहे, तेरा नंबरची पिन, तिच्यावरून टीव्ही, बॉक्स, साउंडबार एकमेकांना निरोप देतात. स्टिक जागी झाली की ती टीव्हीला उठवते, टीव्ही आपोआप त्या इनपुटवर येतो, टीव्ही बंद केला की स्टिकही झोपते, आणि मुख्य म्हणजे टीव्हीच्याच रिमोटवरच्या बाणांनी स्टिकचा मेन्यू फिरवता येतो, किंवा उलट स्टिकच्या रिमोटवरून साउंडबारचा आवाज. ही सोय काही नवीन नाही, सीईसीची तार एचडीएमआय आली तेव्हापासूनची आहे, पण प्रत्येक कंपनीने तिला आपलं वेगळं बारसं करून ठेवलंय, सॅमसंगवर अ‍ॅनीनेट प्लस, एलजीवर सिम्पलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकवर व्हिएरा लिंक. सेटिंगमध्ये 'सीईसी' शोधत बसलात तर कित्येक टीव्हींवर सापडणारच नाही, कुठेतरी जनरल, मग एक्स्टर्नल डिव्हाइस, मग त्याच्या आत हे नाव दडलेलं असतं आणि बऱ्याचदा ते बंदच असतं. कितीतरी घरांत दोन-तीन रिमोट पडलेले असतात आणि एकच ऑप्शन ऑन केला की त्यातले जास्तीचे कपाटात जातात.

माझ्या आत्याकडचं बघा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, उठायची सोय नाही, बेडसमोर टीव्ही आणि त्याला बॉक्स. पॉवरचं बटण दोघांना एकदम इन्फ्रारेडने लागायचं आणि ते बटण टॉगल, म्हणजे चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. एखाद्या वेळी हात थोडा तिरका झाला की टीव्हीने ऐकलं, बॉक्सने ऐकलं नाही. मग टीव्ही चालू आणि बॉक्स बंद, परत दाबलं की टीव्ही बंद आणि बॉक्स चालू, कितीही वेळा दाबा, दोघांची पाळी काही जुळायची नाही. ती बिचारी 'नो सिग्नल' लिहिलेल्या निळ्या स्क्रीनकडे बघत कोणाची तरी वाट बघत पडून राहायची. रिमोटवरून बॉक्सचा इन्फ्रारेड पॉवर काढून टाकला, सीईसी चालू केलं, आता टीव्ही उठला की बॉक्स उठतो, टीव्ही झोपला की बॉक्स झोपतो, विषय संपला.

सीईसी म्हणजे जादू आहे असंही नाही हं. ती तार फार हळू चालते, सेकंदाला साधारण चारशे बिट, म्हणून बाण दाबून धरला की मेन्यू अडखळत पळतो. एका कंपनीचं यंत्र दुसरीशी अर्धवटच बोलतं, पॉवर चालतं पण पॉज चालत नाही, असं बरंच. काही स्वस्त केबलमध्ये तेरा नंबरची पिन जोडलेलीच नसते, चित्र येतं, आवाज येतो, सीईसी मात्र नाही, आणि माणूस सेटिंगमध्ये डोकं फोडत बसतो. आणि सगळ्यात वैताग म्हणजे रात्री बॉक्स कुठल्यातरी अपडेटसाठी आपणहून जागा होतो आणि जाता जाता टीव्हीलाही जागं करतो, अख्खी खोली उजळते! यावर उपाय असा की सीईसीचे भाग बऱ्याच टीव्हींवर वेगवेगळे बंद-चालू करता येतात, 'बॉक्सने टीव्ही उठवणे' हे बंद ठेवा आणि 'टीव्हीबरोबर बॉक्स बंद' हे चालू ठेवा. साउंडबार असेल तर तो एआरसी लिहिलेल्याच एचडीएमआयला लावा, तसं पोर्ट टीव्हीला बहुतेक एकच असतं, दुसऱ्यात लावलं तर टीव्हीचा आवाज साउंडबारला जाणारच नाही. माझ्या मते बेडरूमला साउंडबार मुळात नकोच, यंत्र जितकी कमी तितकं भांडण कमी.

आता कुठलं यंत्र. यावर लोक खूप भांडतात म्हणून स्पष्टच लिहिते.

कंप्युटर किंवा लॅपटॉप टीव्हीला जोडून बेडरूममध्ये वापरायचा विचार असेल तर तो सोडून द्या. एकेकाळी विंडोजमध्ये मीडिया सेंटर होतं, त्याचा स्वतःचा रिमोटही मिळायचा, पण विंडोज १० आलं २०१५ मध्ये आणि ते काढून टाकलं. आता ब्राउझर, माउस, कर्सर, आणि एकेक पॉपअप बंद करायला अंधारात माउस उशीवर घासत बसायचं. शिवाय साध्या ग्राफिक्स कार्डांच्या एचडीएमआयवर सीईसी नसतंच, म्हणजे टीव्हीच्या रिमोटला कंप्युटर दिसतच नाही, त्यासाठी वेगळा यूएसबी अडॅप्टर घ्यावा लागतो. हौस असेल तर करा, पण मग तो छंद झाला, झोपायच्या आधीचा टीव्ही नाही.

ज्यांच्याकडे स्वतःचा सिनेमा-गाण्यांचा साठा आहे, आपल्या डिस्का कॉपी करून ठेवल्यात, घरचे व्हिडिओ आहेत, त्यांच्यासाठी मात्र कोडी हा फार सुंदर प्रकार आहे. मुळात एक्सबॉक्सवर चालणारा प्लेयर म्हणून सुरू झालेला, २०१४ मध्ये कोडी हे नाव मिळालं, आणि पहिल्यापासून लांबून रिमोटने चालवायला म्हणूनच बनवलेला. रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या कंप्युटर बोर्डावर लिबरइलेक नावाची कोडीसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम टाकली की चालू होताच थेट कोडी उघडतं, आणि त्या बोर्डाच्या एचडीएमआयवर सीईसी असतं म्हणून टीव्हीचाच रिमोट लगेच चालतो, वेगळा काही घ्यावा लागत नाही. ज्यांना हार्ड डिस्कची घरघर ऐकू येते त्यांनी ती दुसऱ्या खोलीत ठेवून जेलीफिन किंवा प्लेक्स या साठा घरभर पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर तिथे चालवायचा आणि बेडरूममध्ये फक्त अ‍ॅप. एवढं बघा की फाइलचा फॉरमॅट टीव्हीला थेट झेपतोय, नाहीतर सर्व्हर चालता चालता रूपांतर करत बसतो आणि पुढे ढकललं की गोल गोल फिरणारं चक्र बघत बसा. आणि मोठ्या पैसे भरून बघायच्या सेवा या मार्गाने धड चालत नाहीत हेही आधीच माहीत असू द्या, बोर्ड घेऊन मग हिरमोड नको.

बिननावाचे अँड्रॉइड बॉक्स, ज्यांच्यावर 'सगळे चॅनेल फुकट' असं लिहिलेलं असतं, ते बेडरूममध्येच काय घरातच आणू नका. एक तर त्यात टीव्हीसाठीचं अँड्रॉइड नसून फोनचंच असतं, अर्धी अ‍ॅप बाणांनी चालतच नाहीत, मग रिमोटवर 'माउस' नावाचं बटण दाबून कर्सर आणायचा आणि मुंगीच्या पावलाने तो क्रॉसच्या चिन्हापर्यंत न्यायचा. दुसरं, वाइडवाइन नावाचं जे कॉपी-संरक्षण असतं त्याची एल-१ पातळी त्यांना बहुतेक नसते, एल-३ असते, आणि एल-३ वर मोठ्या सेवा एचडी देतच नाहीत, म्हणजे बॉक्सवर फोर-के छापलेलं आणि चित्र मात्र धुरकट. आणि तिसरं सगळ्यात गंभीर, यातल्या काहींमध्ये कारखान्यातूनच मालवेअर घालून येतं, जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० नावाच्या अशाच प्रकाराबद्दल जाहीर सावध केलं होतं, त्यात टीव्हीला लावायच्या स्ट्रीमिंग यंत्रांचं नाव स्पष्ट होतं. झोपायच्या खोलीत मायक्रोफोनवाल्या रिमोटसकट असलं काही ठेवायचं का हे ज्याने त्याने बघावं, मी तर ठेवणार नाही.

राहिलं काय, टीव्हीतलंच स्मार्ट सॉफ्टवेअर किंवा नावाजलेली स्टिक नाहीतर बॉक्स. इथे माझं मत थोडं वेगळं आहे, जाणकार मंडळी नेहमी म्हणतात की टीव्हीतलं सॉफ्टवेअर वापरू नका, बाहेरचा बॉक्स लावा, तो फास्ट असतो. हॉलसाठी मान्य. बेडरूमला मात्र टीव्ही नवीन असेपर्यंत त्यातलंच वापरावं, कारण स्लीप टायमर, स्क्रीनचा बॅकलाइट कमी करणं, आवाजाचा नाइट मोड, फक्त स्क्रीन काळी करून गाणी चालू ठेवणं, या रात्रीच्या गोष्टी टीव्हीच्या स्वतःच्या मेन्यूत असतात आणि स्टिकचा रिमोट तिथपर्यंत पोचत नाही. सीईसी असलं तरी नाही. म्हणजे एका रिमोटवर सगळं आणायला स्टिक घेतली आणि टायमर लावायला दुसरा रिमोट शोधायचा! टीव्हीतलं घेतलं तर एकच रिमोट, एकच पॉवर, इनपुट बदलायची भानगड नाही. पुढे काही वर्षांनी त्या टीव्हीला अपडेट यायची बंद होतात, अ‍ॅप जड व्हायला लागतात, एखादं चालेनासं होतं, तेव्हा स्टिक लावा, आणि घेताना तिच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये झोपेचा टायमर आहे का ते बघून घ्या, काहींना असतो.

स्टिक लावलीच तर तिला वीज टीव्हीच्या यूएसबीमधून देऊ नका, सोबत आलेल्या अडॅप्टरमधूनच द्या. साध्या यूएसबी पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरच मिळतात, स्टिकला कधीकधी त्याहून जास्त लागतात आणि ती मध्येच रिस्टार्ट होते, तेही सिनेमाच्या ऐन रंगात. शिवाय टीव्ही बंद झाला की बरेच टीव्ही तो यूएसबीही बंद करतात, मग रोज रात्री पहिली दोन-तीन मिनिटं लोगो बघण्यात जातात, आणि स्टिकच बंद असेल तर ती टीव्हीला उठवणार तरी कशी, सीईसीचा मुद्दाच गेला. सोबत एचडीएमआयचा जो वीतभर लांबीचा तुकडा येतो तो लोक फेकून देतात, तो लावा, स्टिक टीव्हीच्या पत्र्यापासून जरा लांब लोंबकळते, गरम कमी होते आणि वायफाय व ब्लूटूथ दोन्ही बरं पकडते.

वायफायचं थोडक्यात. बेडरूम बहुतेक घरांत राउटरपासून सगळ्यात लांब असते. ५ गीगाहर्ट्झ वेगवान पण भिंतींना दमतं, २.४ लांब जातं पण त्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी. नेटफ्लिक्स फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ एमबीपीएस सांगतं, म्हणजे आकडे फार मोठे नाहीत, पण ते बेडजवळ मिळायला हवेत, राउटरजवळ नाही. म्हणून स्पीड टेस्ट टीव्ही जिथे लागणार तिथे उभं राहून, दार लावून करा. नेट अडकलं की राउटर बंद-चालू करायला उठावंच लागतं, त्याला कुठलाच रिमोट नाही.

आता खुद्द रिमोटच्या अंगाबद्दल लिहिते, कारण यावर कोणीच लिहीत नाही. बटणं बोटांना कळली पाहिजेत. अ‍ॅपलने २०१५ मध्ये अ‍ॅपल टीव्हीला काचेच्या टच पृष्ठभागाचा रिमोट दिला, दिसायला देखणा, पण वरची बाजू कुठली खालची कुठली हे अंधारात समजायचं नाही, उलटा धरला जायचा, उचलताना बोट लागलं की सिनेमा पुढे पळायचा. २०२१ मध्ये त्यांनी बदलला, दाबायची गोल चकती दिली, पॉवर आणि म्यूटची वेगळी बटणं दिली. एवढ्या मोठ्या कंपनीला सहा वर्षं लागली! आणि रिमोट म्हणजे काही नवीन शोध नाही हो, झेनिथ या अमेरिकी टीव्ही कंपनीचे यूजीन पॉली यांचा उजेडावर चालणारा फ्लॅशमॅटिक १९५५ चा, आणि दुसऱ्याच वर्षी रॉबर्ट अ‍ॅडलर यांचा स्पेस कमांड आला, त्यात तर सेलही लागत नव्हते, बटण दाबलं की आतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कांडीवर छोटी हातोडी पडायची आणि माणसाला ऐकू न येणारा आवाज टीव्ही ओळखायचा. बटण मोजून चार, त्यातलं एक आवाज घालवायचं.

तर चांगला रिमोट म्हणजे ज्याच्यावर प्ले-पॉजला स्वतंत्र बटण आहे, आवाजाची बटणं कडेला किंवा वेगळ्या आकाराची आहेत, म्यूट आहे, आणि ओके भोवतीची चकती अंगठ्याला न बघता सापडते. ती खालची अ‍ॅपवाल्यांची जाहिरातीची बटणं मात्र डोक्याला ताप आहेत, अंधारात चुकून अंगठा पडला की चालू असलेला भाग बंद होऊन भलतंच अ‍ॅप उघडतं, कधी मोठ्या आवाजाच्या ट्रेलरसकट, आणि शेजारचं माणूस दचकून उठतं. बरेचदा ही बटणं बंद करायची किंवा बदलायची सोयही नसते. आतून उजेड येणारी बटणं असतील तर उत्तम. आणि रिमोट हरवणं, बेडरूममध्ये रिमोट हरवतो म्हणजे तो गादी आणि पलंगाच्या फटीत जातो, त्यासाठी काही बॉक्सना मागे एक बटण असतं, ते दाबलं की रिमोट वाजतो, गूगलच्या २०२४ च्या टीव्ही स्ट्रीमरला ते आहे, रोकू कंपनीच्या अल्ट्रा बॉक्सलाही. अर्थात ते बटण दाबायला उठावं लागतं, पण पलंग सरकवण्यापेक्षा बरं. सगळी यंत्र एका रिमोटवर आणणारे वेगळे युनिव्हर्सल रिमोटही असायचे, त्यातला नावाजलेला लॉजिटेकचा हार्मनी, पण २०२१ मध्ये कंपनीने त्यांचं उत्पादन थांबवलं, त्यामुळे त्या नादाला आता नवीन कोणी लागू नये असं मला वाटतं.

बोलून शोधणं, म्हणजे व्हॉइस. सिनेमाचं नाव बाणांनी एकेक अक्षर वेचून टाइप करण्यापेक्षा शंभरपट बरं, पण रात्री साडेअकराला शेजारी झोपलेल्या माणसाच्या कानाशी 'ओपन यूट्यूब' म्हणायचं का? म्हणून दिवसाच बघायच्या गोष्टी वॉचलिस्टमध्ये टाकून ठेवायच्या, रात्री फक्त बाण आणि ओके. लॉगिनसाठी टीव्हीवर जो कोड किंवा क्यूआर येतो तोच वापरा, पासवर्ड रिमोटने टाइप करायला घेऊ नका, कॅपिटल एस आणि मग ते अ‍ॅटचं चिन्ह कुठल्या पानावर आहे हे शोधण्यात माणसाचा संयम संपतो. आणि 'पुढचा भाग आपोआप' हे प्रोफाइलमध्ये जाऊन बंद करून टाका, झोप लागली तरी टीव्ही पहाटेपर्यंत एकटाच सिरियल बघत बसतो.

आवाजासाठी ब्लूटूथ हेडफोन लावायचे असतील तर ते टीव्हीला किंवा स्टिकला थेट जोडले जातात का, आणि जोडल्यावर त्यांचा आवाज त्याच रिमोटवरून कमीजास्त होतो का, हे तपासून घ्या. ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात असं झालं तर सेटिंगमध्ये ऑडिओ डिले शोधा. रोकूच्या काही रिमोटना तर हेडफोन लावायचं भोकच असतं, साधी वायर लावा आणि ऐका, मला हा सगळ्यात शहाणपणाचा प्रकार वाटतो.

एक राहिलं, ज्यांना खरंच उठता येत नाही किंवा नीट दिसत नाही त्यांच्यासाठी. स्क्रीनवर काय आहे ते वाचून दाखवणारी सोय बहुतेक चांगल्या यंत्रांत आधीपासूनच असते, अँड्रॉइड टीव्हीवर टॉकबॅक, अ‍ॅपल टीव्हीवर व्हॉइसओव्हर, फायर टीव्हीवर व्हॉइसव्ह्यू. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन चालू करून द्या, त्या आधी बोलायचा वेग कमी करा, नाहीतर ऐकणारा घाबरतो. अशा माणसाच्या रिमोटमध्ये सेल कधी संपतील याची वाट बघू नका, आधीच बदला, आणि रिमोट दोरीने बेडला बांधून ठेवा, यात लाजायचं काही नाही.

म्हणून संपादक महोदय, एक विनंती. पुढच्या वेळी तुमच्याकडे एखादा टीव्ही किंवा बॉक्स परीक्षणाला आला की ऑफिसातल्या टेबलावर तपासून झाल्यावर तो एक रात्र कोणाच्या तरी बेडरूममध्ये पाठवा, आणि मग छापा की व्हॉल्यूमचं बटण ब्लूटूथवर आहे की इन्फ्रारेडवर, सीईसीने काय चालतं आणि काय नाही, स्लीप टायमर किती बटणं दाबल्यावर सापडतो, जाहिरातीची बटणं बंद करता येतात का, आणि रिमोट फुटला तर तसाच दुसरा सुटा मिळतो की नाही.

कळावे,
आपली एक नियमित वाचक